स्टार्टरवरचे दोन काटे

लातूर किंवा नांदेड जिल्ह्यात पाण्यातली मोटार जळाली की पहिला ठपका व्होल्टेजवर येतो. ठपका खोटा नाही, पण तेवढ्याने इलाज सापडत नाही. वाइंडिंग जळते ते करंटने. व्होल्टेज घटल्यावर करंट का चढतो, त्यात डीपीचा, म्हणजे परिसरातल्या रोहित्राचा, वाटा किती आणि आपल्या केबलचा किती, हे आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही. ही आकडेमोड शाळेतल्या विज्ञानापलीकडची नाही. लागणारी मापेही अनेक स्टार्टरच्या पेटीवर हजर असतात: एक काटा व्होल्ट दाखवतो, दुसरा अ‍ॅम्पिअर. नजर बहुधा पहिल्यावरच जाते. खरे निदान मात्र दोन्ही मिळून वाचण्यात आहे.

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते. घरातला २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध सुमारे २६.५ ओहम. व्होल्टेज १८० वर आले तरी रोध तोच राहतो, म्हणून करंट ६.८ अ‍ॅम्पिअरवर उतरतो आणि शक्ती सव्वाबाराशे वॅटच्या आसपास येते. पाणी उशिरा तापते, गिझरला इजा होत नाही. ‘व्होल्टेज कमी म्हणजे वीजही कमी’ ही समजूत अशा उपकरणांवरून आली आहे, आणि तिथे ती बरोबर आहे.

मोटारीचे गणित मात्र उलटे चालते. पाणी चढवण्याचे काम व्होल्टेज घटले म्हणून फारसे घटत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीची मोटार ३.७३ किलोवॅटचे काम देते. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती सुमारे ४.६६ किलोवॅट वीज ओढते. थ्री-फेजमध्ये व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर यांच्या गुणाकाराला आणखी १.७३ ने आणि पॉवर फॅक्टरने (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या हिश्शाने) गुणावे लागते. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४१५ व्होल्टला करंट येतो ८.१ अ‍ॅम्पिअर आणि ३३० व्होल्टला १०.२. काट्यावर फरक दोनच अ‍ॅम्पिअरचा दिसतो. पण रोधात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच वाइंडिंगला दीडपटीहून जास्त उष्णता सोसावी लागते. मोटार जळण्याचे कारण हे आहे.

हाच वर्गाचा हिशोब केबललाही लागू होतो. मराठवाड्याच्या काळ्या कातळात पाणी खोल गेले, तशी बोअरमधली केबलही लांबत गेली. तांब्याच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या २०० मीटर केबलीत प्रत्येक तारेचा रोध १.४ ओहम भरतो. ८.१ अ‍ॅम्पिअरला तिन्ही तारांत मिळून पावणेतीनशे वॅट नुसते तापण्यात जातात आणि खाली मोटारीला पंधराएक व्होल्ट कमी मिळतात. वरचा काटा ही घट दाखवतच नाही. चार चौरस मिलिमीटरची केबल वापरली तर तोटा १७० वॅटच्या आसपास येतो.

आता डीपीकडे पाहू. ६३ केव्हीएचे रोहित्र प्रत्येक फेजला सुमारे ८४ अ‍ॅम्पिअर देऊ शकते, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी. व्होल्टेज पडले की त्याच दहा मोटारी १०० अ‍ॅम्पिअर मागतात. मागणी वाढली की तारांत आणखी व्होल्ट पडतात, आणि मागणी पुन्हा वाढते. त्यात ऑटो स्विच लावलेले असले की वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहापट करंट घेऊ शकते. तेव्हा रोहित्र जळण्यात नवल कसले? उलट प्रत्येक मोटारीला योग्य कपॅसिटर, पाच अश्वशक्तीला सुमारे दोन केव्हीएआर, बसवला आणि पॉवर फॅक्टर ०.९५ वर गेला, तर लाइनमधला करंट ८.१ वरून ६.८ वर येतो आणि लाइनमधला तोटा सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

यावर काही आक्षेप येतील. एसी मोटारीत व्होल्टला अ‍ॅम्पिअरने भागून वाइंडिंगचा रोध निघत नाही, हे खरे. फिरत्या मोटारीत चुंबकीय परिणामही असतो. पण केबलच्या बाबतीत रोधाचा हिशोब पुरेसा जवळ जातो, आणि प्रश्न बराचसा केबलचाच आहे. दुसरा आक्षेप असा की एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, मग तोट्याची चिंता कशाला? युनिट फुकट असले तरी वाइंडिंग भरण्याचा खर्च फुकट नाही, आणि ठरावीक तासांच्या विजेत मोटार बंद पडली तर वाळणारे पीकही नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: व्होल्टेज वाढवणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. मात्र दोष कुठे आहे हे तो ओळखू शकतो. मोटार बंद असतानाच काटा खाली असेल तर दोष डीपीचा किंवा वरच्या लाइनचा; तक्रार महावितरणकडे करावी. बंद असताना ४१० आणि चालू असताना ३८५ दिसले, तर २५ व्होल्ट मुख्यतः खांबापासून स्टार्टरपर्यंतच्या तारेत पडले. करंट ८ अ‍ॅम्पिअर असेल तर २५ ला १.७३, ८ आणि ०.८ यांच्या गुणाकाराने भागून त्या तारेचा रोध सव्वादोन ओहमच्या आसपास येतो. तार बदलायची की जोड घट्ट करायचा, हे यावरून ठरते. डीपीवरची मोजणी अर्थातच लाइनमननेच करावी. ‘व्होल्टेज कमी’ एवढे शब्द लिहिलेल्या अर्जापेक्षा वेळ, व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर लिहिलेला अर्ज टाळणे अवघड जाते, आणि एका डीपीवरच्या दहा जणांनी असे आकडे एकत्र दिले तर कपॅसिटर लावायचे की रोहित्र वाढवायचे, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.