तीन राजवटी, एक वाचक

फिलिपिनो साहित्याची गोष्ट बहुधा होसे रिझालपासून सांगितली जाते. मला ती त्याच्या कितीतरी आधीपासून, ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत गावोगावी तासन्‌तास चालणाऱ्या ख्रिस्ताख्यानाच्या पठणापासून सुरू करावीशी वाटते. स्पेनने १५६५पासून फिलिपिन्सची बेटे ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि १५९३मध्ये मनिलात ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ हे धर्मपुस्तक छापले गेले. त्यात स्पॅनिश मजकूर होता आणि त्याचे तगालोग या तिथल्या भाषेतले भाषांतर रोमन व देशी बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत होते. छापखाने धर्मसंघांच्या हाती, म्हणून काय छापायचे तेही त्यांच्याच हाती. अशा काळात, अठराव्या शतकाच्या आरंभी, गास्पार आकिनो दे बेलेन या तगालोग कवीने ख्रिस्ताच्या यातनांचे आख्यान पद्यात रचले. पुढे १८१४मध्ये छापले गेलेले दुसरे आख्यान तर घराघरांत पोहोचले. आपल्याकडे फादर स्टीफन्सने १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी वापरली, त्याच जातीचे हे काम. पण त्या आख्यानातला नायक गरीब होता, सत्ताधीशांनी छळलेला होता आणि तरीही अखेर जिंकणारा होता. ते ऐकत मोठ्या झालेल्या शेतकऱ्यांनी बंडाची भाषा तिथूनच उचलली, हे इतिहासकार रेनाल्दो इलेतो यांनी १९७९च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

फ्रान्सिस्को बालागतास याने १८३८मध्ये ‘फ्लोरान्ते आणि लाउरा’ हे काव्य तगालोगमध्ये लिहिले. कथा घडते दूरच्या अल्बानियात. तिथे दुष्ट माणूस राज्य बळकावतो आणि सज्जन माणसे झाडाला बांधली जातात. वाचणाऱ्याला आपला देश ओळखायला वेळ लागत नसे. पुढे क्रांतिकारक नेता आपोलिनारियो माबिनी याने ग्वाम बेटावर हद्दपारीत असताना हे काव्य निव्वळ आठवणीतून कागदावर उतरवले.

रिझालची थोरवी मी कमी लेखत नाही. ‘नोली मी तांगेरे’ ही त्याची स्पॅनिश कादंबरी १८८७मध्ये बर्लिनमध्ये छापली गेली. छपाईला पैसे नव्हते, ते माक्सिमो व्हिओला या मित्राने दिले आणि २००० प्रती निघाल्या. मुलांच्या काळजीने वेडी झालेली सिसा एकदा वाचली की मनातून जात नाही. दुसरी कादंबरी १८९१मध्ये घेंटमध्ये निघाली. ती त्याने १८७२मध्ये देहदंड दिलेल्या तीन धर्मगुरूंना अर्पण केली. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मात्र ज्यांच्यासाठी हे लिहिले, त्यांतल्या मूठभरांनाच स्पॅनिश येत होते. ही अडचण मार्सेलो देल पिलार याला नेमकी कळली होती. स्पेनमध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या वृत्तपत्राचा संपादक होण्यापूर्वीच त्याने तगालोग प्रार्थनांचीच चाल घेऊन स्पॅनिश धर्मगुरूंवर विडंबने लिहिली होती. लोकांना तोंडपाठ असलेल्या शब्दांतून त्याने प्रहार केला. माझ्या मते त्या पिढीतले हे सर्वांत धाडसी लेखन.

१८९८मध्ये स्पेनने ही बेटे २ कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केली. १९०१मध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० शिक्षक उतरले आणि शाळा इंग्रजीत भरू लागल्या. त्याच वर्षीच्या राजद्रोहाच्या कायद्याने स्वातंत्र्याची मागणी करणे हाच गुन्हा ठरवला. मग रंगभूमीने ते काम हाती घेतले. ऑरेलियो तोलेंतिनोच्या १९०३मधील ‘काल, आज आणि उद्या’ या तगालोग नाटकाने त्याला तुरुंग दाखवला. अशा काही नाटकांत पात्रांचे रंगीत पोशाखच असे बेतलेले असत, की नट जवळ येऊन उभे राहिले की क्रांतीचा ध्वज दिसावा. १९०६मध्ये लोपे सांतोसने ‘बनाआग आत सिकात’ ही कामगारांची आणि समाजवादाची कादंबरी दिली. १९२०च्या दशकात ‘लिवायवाय’ हे लोकप्रिय तगालोग साप्ताहिक निघाले आणि कथा बाजारहाटापर्यंत गेली.

इंग्रजी शिकलेली पिढीही झपाट्याने पिकली. पाझ मार्केझ बेनितेझ हिची ‘डेड स्टार्स’ ही कथा १९२५ची, म्हणजे ते शिक्षक उतरल्यावर अवघ्या २४ वर्षांनंतरची. होसे गार्सिया व्हिला याला त्याच्या कवितांवरून १९२९मध्ये विद्यापीठाने निलंबित केले. तो अमेरिकेला गेला आणि कलेला कलेबाहेरचे कर्तव्य नसते, या मतावर ठाम राहिला. साल्व्हादोर लोपेझ याने ‘लिटरेचर अँड सोसायटी’ या निबंधसंग्रहात त्याला उत्तर दिले: लेखकाला समाजापासून अंग काढून घेता येणार नाही. या ग्रंथाला १९४०मध्ये सरकारी पारितोषिक मिळाले. वादात मी लोपेझच्या बाजूचा, पण व्हिलाची कारागिरी नाकारण्याची माझी तयारी नाही.

जानेवारी १९४२मध्ये जपानी सैन्य मनिलात शिरले. अमेरिकेचा ठसा पुसण्यासाठी त्यांनी इंग्रजीला आवर घातला, तगालोगला उत्तेजन दिले आणि सगळ्याच लेखनावर नियंत्रण ठेवले. ‘लिवायवाय’सुद्धा त्यांच्याच देखरेखीखाली निघत होते. हॉलिवूडचे चित्रपट बंद झाले, तशी नाट्यगृहे भरू लागली. कवी जपानी हायकूच्या धर्तीवर तगालोग कविता लिहू लागले आणि सात अक्षरांच्या चार ओळींचा ‘तनागा’ हा जुना छंद पुन्हा वापरात आला. १९४३मधील उत्कृष्ट तगालोग कथांच्या स्पर्धेतून २५ कथांचे पुस्तक निघाले. पहिल्या आलेल्या नार्सिसो रेयेसच्या कथेत एक मुलगा अंत्यविधीसाठी वडिलांच्या गावी जातो आणि त्या मातीशी त्याचे नाते जुळते. दुसरी आली लिवायवाय आर्सेओ. वडिलांच्या मनातली दुसरी स्त्री आणि आईचे मुकाट सोसणे तिने मुलीच्या नजरेतून टिपले. तिसरा एन. व्ही. एम. गोन्झालेझ, जो एरवी इंग्रजीत लिहीत असे. सेन्सॉरची नजर चुकवायची म्हणून या लेखकांनी घोषणा टाळल्या, आणि गाव, घर, माती यांच्याकडे वळले. तगालोग कथेतला अघळपघळ भावुकपणा इथे गळून पडला. जुलमी राजवटीचे आभार मानायचे कारण नाही. श्रेय लिहिणाऱ्यांचे आहे.

कारण त्याच राजवटीने मान्वेल आर्गियाचा जीव घेतला. इलोकोस भागातल्या शेतकऱ्यांचे जगणे त्याने इंग्रजीत इतक्या जिवंतपणे आणले, की बैलगाडीतून नवी सून घरी आणणारी त्याची कथा आजही शाळांत शिकवतात. जपान्यांविरुद्धच्या गनिमी लढवय्यांसाठी हेरगिरी करताना तो पकडला गेला आणि ऑगस्ट १९४४मध्ये मारला गेला. वय अवघे तेहेतीस. फेब्रुवारी-मार्च १९४५च्या लढाईत मनिलातले सुमारे १ लाख नागरिक मेले आणि राष्ट्रीय ग्रंथालय नष्ट झाले. त्यात जे गेले त्याची भरपाई झालेली नाही. ४ जुलै १९४६ला स्वातंत्र्य आले. पुढच्याच वर्षी, स्वतः गनिमी लढ्यात उतरलेल्या स्टीव्हन हाव्हेयाना याने पानाय बेटावरच्या एका शेतकऱ्याची, युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या संसाराची कादंबरी लिहिली. ती इंग्रजीत होती आणि प्रकाशित झाली अमेरिकेत, बोस्टनला.