शॉकअप तिसऱ्यांदा वाजला तेव्हा

औंढ्याहून हिंगोलीला येताना प्रत्येक गतिरोधकावर 'खट्ट'. माझ्या मामाची गाडी वॉरंटीतली, त्यामुळे नांदेडच्या शोरूमला दोनदा नेली. अख्खा दिवस मोडायचा आणि उत्तर एकच, "काका, आपल्याकडचे रस्तेच असे!" (रस्ते तसे आहेत, हे खरंच. पण गाडी विकताना कोणी हे सांगत नाही.)

कॉलेजला असलेल्या मामेबहिणीने जुनी जॉबकार्डं काढली. दोन्हींवर आवाजाचा उल्लेखच नाही, नुसतं 'जनरल चेकअप'. म्हणजे कागदोपत्री मामाने तक्रार केलीच नव्हती! तिसऱ्या वेळी तिने फोरमनला शेजारी बसवलं. "दादा, ऐकू आला ना? मग लिहा." पुढचं डावं चाक, किलोमीटर, तारीख, सगळं लिहून घेतलं. त्याच रात्री डीलर आणि कंपनी, दोघांना ईमेल. कंपनीने तपासणी करायला लावली, तर शॉकअपमधून तेल गळत होतं. तो आणि बुश फुकटात बदलून मिळाले.

नसते मिळाले तर? तुम्हाला वाटेल, शोरूम नांदेडला, म्हणजे केसही तिकडेच. तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे हिंगोलीतच तक्रार करता येते. मुदत 2 वर्षं. वकील सक्तीचा नाही. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणजे तुमची बाइक त्यात बसते. 5 ते 10 लाखांच्या गाडीला 200 रुपये. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

मामाला मात्र नवीकोरी गाडीच हवी होती. ते अवघड असतं. मारुतीच्या गाडीतल्या क्लचच्या वादात सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलून देणं एवढंच असेल, तर अख्ख्या गाडीचा हट्ट टिकत नाही. उत्पादनातच दोष आहे म्हणायचं तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो.

वॉरंटीत बदललेला जुना भाग बहुतेकदा शोरूम ठेवून घेतं. बहिणीने तो काढताना तेलाच्या डागासकट फोटो घेतला होता. मामाच्या मोबाइलमध्ये तो अजून आहे, येईल त्याला दाखवतो.