हात हलला की लेझीम हलली?

शाळेच्या स्नेहसंमेलनात काढलेला एक फोटो आमच्यासमोर आहे. मागच्या पडद्यावरील अक्षरे स्वच्छ उमटली आहेत. झेंडूच्या माळेतील फुले सुटी सुटी दिसतात. मात्र ज्यांच्यासाठी फोटो काढला, त्या लेझीम खेळणाऱ्या मुलींचे हात धुरकट पट्ट्यांसारखे आले आहेत. कॅमेऱ्यावर एका सहकाऱ्याकडून मागून आणलेले कंपरोधक झूम भिंग होते. तसेच भिंग शाळेच्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी घ्यावे, असे आमचे चालले होते. फोटो पाहून एक शिक्षिका म्हणाल्या, "कंपरोधक म्हणता, मग हे काय?" प्रश्न रास्त होता. पैसे एकदाच मिळणार होते, त्यामुळे उत्तर शोधूनच पुढे जायचे ठरले.

प्रथम हाताचा कंप किती असतो ते पाहू. कॅमेऱ्याला लेझर पॉइंटर चिकटपट्टीने बांधा आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. (ठिपका कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्यावी.) कितीही घट्ट धरले तरी ठिपका भिंतीवर भटकत राहतो. समजा, एका सेकंदात तो १० सेंमी वाट चालला. शटर १/१५ सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात ठिपका सुमारे ६.७ मिमी सरकेल. आता समरूप त्रिकोण आठवा. भिंतीवरचे सरकणे आणि भिंतीचे अंतर यांचे जे गुणोत्तर, तेच प्रतिमेचे सरकणे आणि भिंगाचे नाभीय अंतर यांचे. १८ मिमीच्या भिंगात प्रतिमा ०.०२४ मिमी सरकते, तर १०० मिमीच्या भिंगात ०.१३ मिमी. हात तोच आणि कंपही तोच, पण नाभीय अंतर वाढले की दोष त्याच प्रमाणात वाढतो.

३५ मिमी फिल्मच्या काळात ०.०३ मिमीपर्यंतचा पसारा डोळ्याला ठिपकाच वाटतो, असे धरत. आमच्या कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे २३ मिमी रुंद आहे. त्यावरची प्रतिमा अधिक मोठी करून पाहावी लागते, म्हणून ०.०२ मिमी ही मर्यादा धरू. जुने छायाचित्रकार सांगत, की नाभीय अंतर जितके मिमी, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा शटर मंद ठेवू नये. लहान संवेदकासाठी त्या आकड्याला दीडने गुणायचे. म्हणजे १०० मिमीला १/१५० सेकंद. त्या वेळात वरच्या हिशेबाने प्रतिमा ०.०१३ मिमी सरकते. जुन्या मंडळींचा नियम नुसत्या अनुभवाचा वाटतो खरा, पण आत भूमिती आहे!

सभागृहात १/१५० कुठून मिळणार? भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र तिथे एफ/५.६, आयएसओ ४००, आणि वेळ निघाला १/१५ सेकंद. तरीही पडदा स्वच्छ आला, ही करामत कंपरोधकाची.

या भिंगात दोन सूक्ष्म संवेदक असतात. एक वर-खाली होणारे वळण मोजतो, दुसरा डावी-उजवीकडचे. प्रत्येकात एक चिमुकला भाग सतत कंप पावत असतो. कॅमेरा वळला की त्या भागावर आडवे बल येते. भूगोलात वाऱ्यांची दिशा शिकवताना ज्याचे नाव येते, तेच हे कोरिऑलिस बल. त्यावरून वळण्याचा वेग कळतो, भिंगातला छोटा संगणक हिशेब करतो आणि विद्युतचुंबक काचांचा एक गट अक्षापासून किंचित बाजूला सरकवतो. बाजूला सरकलेले भिंग प्रकाश थोडा वाकवते आणि प्रतिमा जागेवर राहते. एसएलआरसाठी असे पहिले भिंग कॅननने १९९५ साली आणले. ते ७५-३०० मिमीचे होते. १९९८ मध्ये २८-१३५ मिमीचे, रोजच्या वापराचे भिंग आले. काही कॅमेऱ्यांत भिंगाऐवजी संवेदकच हलवतात. एसएलआरमध्ये मात्र भिंगातल्या पद्धतीचा एक फायदा आहे. नेत्रिकेतून पाहतानाही दृश्य स्थिर दिसते, कारण आरशाकडे जाणारा प्रकाशच स्थिर केलेला असतो.

कंपरोधकाची क्षमता 'स्टॉप'मध्ये सांगतात. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट. चार स्टॉप म्हणजे १६ पट. हा आकडा कारखान्यातील चाचणीचा असतो. चहा न मिळालेल्या शिक्षकाच्या हातात तो दोन-तीनच धरावा.

आता लेझीमकडे वळू. मुलगी ८ मीटरवर होती आणि तिचा हात सेकंदाला ९० सेंमी वेगाने हलत होता असे धरा. १०० मिमीच्या भिंगात त्या हाताची प्रतिमा सेकंदाला सुमारे ११ मिमी सरकते. १/१५ सेकंदात हे झाले ०.७५ मिमी, म्हणजे आपल्या मर्यादेच्या ३५ पटींहून अधिक. भिंगातल्या संवेदकांना कॅमेऱ्याचे वळणे कळते, मुलीचा हात कळत नाही. तो कळला असता आणि काचा त्याच्यामागे धावल्या असत्या, तर पडदा धुरकट झाला असता! हलणाऱ्या वस्तूवर उपाय एकच, तो म्हणजे शटरचा वेळ कमी करणे. त्यासाठी प्रकाश जास्त हवा. छिद्र एफ/५.६ वरून एफ/१.८ केले, तर प्रकाश साधारण दहापट मिळतो. आयएसओ ४०० चा १६०० केला की आणखी चौपट, थोडा रवाळपणा पत्करून. तेव्हा १/१५ चे १/६०० होतात. ५० मिमी एफ/१.८ चे साधे भिंग घेऊन निम्म्या अंतरावर जाऊन उभे राहिले, तर चौकट तीच राहते आणि हाताचा पसारा ०.०२ मिमीच्या आत येतो.

त्यामुळे 'सर्व कामांना एक भिंग' ही कल्पना आम्ही सोडून दिली. झूम भिंग मात्र घ्यायचे ठरले, कारण शाळेची बरीच कामे स्थिर वस्तूंची असतात. किल्ल्याचा दरवाजा, लेण्यातील शिल्प, प्रयोगाची मांडणी, बुरशी आलेली भाकरी. अंधाऱ्या लेण्यात तिपाई घेऊन जाता येतेच असे नाही, तिथे कंपरोधकाइतका उपयोगी सोबती नाही. १८-१३५ मिमीचे भिंग आमच्या कॅमेऱ्यावर १८ मिमीला कर्णाच्या दिशेने सुमारे ७५ अंशांचे दृश्य घेते, १३५ मिमीला सुमारे १२ अंशांचे. वर्ग आणि वर्गाबाहेरचे झाड दोन्ही त्यात येतात. १८-२०० मिमीचीही भिंगे मिळतात. पण झूमचा पल्ला वाढला की कडांची स्पष्टता आणि वजन यांत किंमत मोजावी लागते, म्हणून आम्ही १३५ वर थांबलो. पक्ष्यांसाठी हे भिंग पुरत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. १० मीटरवरच्या २० सेंमीच्या पक्ष्याची प्रतिमा १३५ मिमीला जेमतेम २.७ मिमी होते.

आता नवे कॅमेरे बहुतेक आरसा नसलेले येतात, त्यामुळे एसएलआरची भिंगे वापरलेली मिळू लागली आहेत. एका भिंगाच्या किमतीत दोन बसवणे आम्हाला त्यामुळेच जमले. घेताना भिंग कॅमेऱ्यावर लावून शटरची कळ अर्धी दाबावी. बारीक गुणगुण ऐकू येऊन नेत्रिकेतील दृश्य शांत झाले, तर कंपरोधक जिवंत आहे. मग एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या भिंगात ती फार आढळते आणि असे भिंग स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. भिंतीवर वर्तमानपत्र लावून चारही कोपऱ्यांतली अक्षरे तपासावीत. जुन्या कंपरोधकांची आणखी एक खोड आहे. तिपाईवर कंप नसतानाही ते काचा हलवत राहतात, तेव्हा त्यांची कळ बंद करावी.

तो बिघडलेला फोटो आम्ही नववीच्या वर्गात नेला. शटरचा वेळ कॅमेऱ्याने फोटोबरोबर नोंदवून ठेवलेलाच असतो. मुलांनी खरी लेझीम पट्टीने मोजली, फोटोतल्या एका स्थिर लेझीमवरून प्रमाण काढले आणि हाताचा पट्टा ६ सेंमी भरला. ६ सेंमी भागिले १/१५ सेकंद, म्हणजे सेकंदाला ९० सेंमी. वर धरलेला वेग तो हाच. एका मुलीने लगेच विचारले, की पट्टा वाकडा आहे, मग मोजायचे ते सरळ अंतर की वाटेवरचे? पुढचा तास त्यातच गेला.