मूल होत नाही? तपासणी दोघांचीही हवी

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही मूल झाले नाही, की सुनेच्या सगळ्या तपासण्या होतात, टोमणेही तिलाच बसतात. मुलाला मात्र कोणी दवाखान्यात पाठवत नाही. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो.

पुरुषाची पहिली तपासणी सोपी आहे, ती म्हणजे वीर्यतपासणी. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा मानतात. अहवाल कमी आला तरी एकाच अहवालावर निष्कर्ष काढू नये. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात.

कारण सापडले की उपचार ठरतो. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर शस्त्रक्रिया, काही संप्रेरकांची कमतरता असेल तर औषधे, शुक्राणू फारच कमी असतील तर इक्सी. तंबाखू आणि जिममधली स्टिरॉइड इंजेक्शने मात्र आधी बंद करावीत.

शुक्राणू कमी असणे म्हणजे नपुंसकत्व नव्हे. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. दोष एकटीच्या माथी मारणे थांबेल आणि उपचाराची मोलाची वर्षेही वाचतील.