समुद्राला चुना लावण्याची कला

वाशीमहून समुद्र गाठायचा तर अर्धा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरी घरातल्या काचेच्या टाकीत पोवळी वाढवायची हौस कुणाला असेलच, तर त्यामागचं रसायनशास्त्र इथल्या बोअरच्या पाण्यात आणि शेजारच्या एका सरोवरात आयतं बघायला मिळतं.

पोवळं आपला सांगाडा स्वतःच बांधतं. त्यासाठी त्याला पाण्यातून दोनच गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. क्षारता, म्हणजे टाकीवाल्यांच्या बोलीत ‘केएच’, असते ७ च्या आसपास. हौशी मंडळी ती ८ ते ११ ठेवतात.

आता गंमत बघा. पोवळ्यांनी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम फस्त केलं की केएच २.८ ने उतरतो. कॅल्शियमचा जेमतेम विसावा भाग गेला, तोवर ८ केएचमधला तिसरा हिस्सा साफ! म्हणून मुरलेले लोक कॅल्शियम सवडीने तपासतात, केएच मात्र वरचेवर.

हे दोन्ही भरून काढायचा जुना उपाय म्हणजे आपली चुन्याची निवळी. टाकीवाले तिला जर्मन नावाने ‘काल्कवासर’ म्हणतात आणि जरा भाव खातात. साखर गरम पाण्यात पटकन विरघळते, चुन्याचं उलटं: थंड पाण्यात जास्त, गरम पाण्यात कमी. निवळीचा सामू १२.४ च्या घरात, म्हणून ती टाकीत ओतायची नाही, थेंबथेंब सोडायची. तीही शक्यतो रात्री, कारण अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा सामू आपोआप घसरतो. पानाच्या डबीतला चुना मूळ पदार्थ तोच, पण त्यात आणखी काय मिसळलंय कोण जाणे. तो पानालाच लावावा.

दुसरा उपाय दोन बाटल्यांचा: एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खायचा सोडा. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी ओतले तर टाकीत पांढरा धुरळा उठतो आणि पोवळ्यांचा खुराक तळाशी जाऊन बसतो. असा साका लवकर धरू नये म्हणून पाण्यात मॅग्नेशियम हवं, लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम. कॅल्शियम कितीही ओतलं तरी वर चढत नसेल, तर आधी मॅग्नेशियम तपासावं.

वाशीमच्या बोअरचं पाणी जड, मग कॅल्शियम फुकटच की! हा मोह आवरा. त्या पाण्यात नायट्रेटपासून काय काय असू शकतं, म्हणून टाकीसाठी आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने तयार समुद्री मीठ घालायचं. जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पोवळ्याचा सांगाडाही रासायनिकदृष्ट्या तेच. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शियमला धरून बसतं. टाकीतल्या हीटरवरही हेच घडतं. अर्थात वाशीमच्या मे महिन्यात हीटर विचारतो कोण? तिथे पाणी २६ अंशांवर ठेवणारा चिलर लागतो, आणि वीज गेली की त्याच्यासाठी इन्व्हर्टरही.

क्षारता बेसुमार वाढली तर काय होतं, ते पाहायला रिसोडच्या पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जा. सरोवरात येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायची वाट नाही. पाणी उडून जातं, सोडा मागे राहतो. सामू १० च्या आसपास. एवढ्या कार्बोनेटपुढे कॅल्शियम टिकत नाही, खनिज होऊन गाळात उतरतं. त्या गाळात गेलुसाइट नावाचे सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक सापडले आणि त्यांवरून संशोधकांनी सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा लांबलेला दुष्काळ ओळखला. इथल्या क्षारांची डल्ला, खुप्पल, पापडी अशी प्रतवारी होत असे. साबण आणि काचेला लागणारा माल इथे मिळतो, ही नोंद थेट ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मीठप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. पोवळं मात्र त्या पाण्यात टिकायचं नाही.

आणि हो, मालवणला गेलात म्हणून तिथलं पोवळं पिशवीत घालून आणू नका. आपल्या समुद्रातली दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच पंगतीत.