वेबकॅमचे चित्र सुस्पष्ट कसे मिळवावे?

सन २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांना संगणकाच्या पडद्यावरून पाठ देण्याचा प्रसंग प्रथमच आला. शाळा पुन्हा उघडल्या, तरी वेबकॅमचा उपयोग थांबलेला नाही. चित्र अंधुक असेल, तर दूर बसलेले मूल तक्रार करीत नाही. ते मुकाट्याने पाठातून मन काढून घेते. म्हणून या साधनाची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा ठेवण्यात आला. भांडे भरलेले आहे की रिकामे, हे संशोधकांना आपल्या जागेवरूनच कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. ते करडे चित्र केवळ १२८ × १२८ बिंदूंचे असूनही कामास पुरले. तात्पर्य, जे पाहावयाचे ते दिसले, म्हणजे चित्र चांगले.

चित्राचा खरा आधार प्रकाश होय. वेबकॅमचे भिंग व त्यामागील प्रकाश टिपणारा भाग फार लहान असतो. उजेड अपुरा पडल्यास कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ प्रकाश घेतो. त्यामुळे हलणारा हात पुसट दिसतो. शिवाय तो क्षीण संकेत वाढवितो; त्यामुळे चित्रावर दाणे उमटतात. यास्तव भारी किमतीचा कॅमेरा घेण्यापूर्वी बसण्याची जागा बदलून पाहावी. खिडकी शिक्षकाच्या समोर असावी. ती पाठीमागे असल्यास चेहरा काळवंडतो व ओठांची हालचाल पाहून उच्चार शिकणाऱ्या लहान मुलाची अडचण होते.

आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने काही दिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमी-अधिक होतो. पडद्यावर पट्टे सरकताना दिसल्यास कॅमेऱ्याच्या मांडणीत ५० हर्ट्झ हा पर्याय निवडावा.

६४० × ४८० आकाराच्या चित्रात ३,०७,२०० बिंदू असतात, तर १२८० × ७२० आकारात ९,२१,६००, म्हणजे नेमके तिप्पट. परंतु इंटरनेटची गती मंद असेल, तर मोठे चित्र अडखळते. अशा वेळी लहान आकारच हितावह ठरतो. पार्श्वभूमी साधी ठेवावी, भिंग मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसावे व कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. त्याखाली चार पुस्तके ठेवली तरी पुरे.

पाठापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. कागदावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ही अक्षरे ठळक लिहून कॅमेऱ्यासमोर धरावीत व ती दुसऱ्या एखाद्या साध्या मोबाईलवर पाहावीत. पुष्कळ मुले पाठ अशाच लहान पडद्यावर पाहतात. तेथे या जोड्यांतील भेद स्पष्ट दिसला, की पाठास प्रारंभ करण्यास हरकत नाही.