छावणीची बोली

आपल्या गावात 'छावणी' हा शब्द पत्ता सांगण्यापुरता उरला आहे. रिक्षावाल्याला छावणी म्हटले की तो नेमका नेऊन सोडतो. तळ देऊन बसलेली फौज दोघांच्याही मनात येत नाही. शिपायाच्या बोलीचे बहुधा असेच होते. ती त्याच्या पाठोपाठ गावात शिरते आणि गाव तिला आपलीच म्हणून वापरू लागते.

सकाळचे वर्तमानपत्र उघडून पाहा. विरोधकांनी प्रश्नांची सरबत्ती केली, कामगारांनी मोर्चा काढला. सरबत्ती म्हणजे अनेक बंदुका किंवा तोफा एकदम डागणे. मोर्चा तर मुळात चालणारा नव्हेच. शत्रूवर तोफा रोखून बसण्याची ती आडोशाची, बांधलेली जागा. तीच जागा आज घोषणा देत चौकाचौकांतून चालते! लष्करामागून येणारे बिनलढाऊ लोक ते बाजारबुणगे. आता तो शब्द कोणालाही हिणवायला चालतो.

'गारदी' या शब्दाची कथा मात्र आपल्या शहराला लागून आहे. १७५१ साली फ्रेंच सेनानी बुसी हा सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेस आला. त्याच्या कवायती पायदळाच्या वळणावर तयार झालेले शिपाई ते गारदी. फ्रेंच भाषेत 'गार्द' म्हणजे पहारा. याच तालमीतला इब्राहिमखान पुढे पेशव्यांकडे आला, १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पण १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, आणि मराठीत गारदी म्हणजे मारेकरी होऊन बसला. इब्राहिमखानाचे इमान शब्दाच्या खात्यावर जमा झालेच नाही.

आजच्या फौजेचीही बोली आहेच. स्वयंपाकघर ते लंगर, हजेरी ती गिनती, शिकवणारा तो उस्ताद, सणासमारंभाची सर्वांची पंगत तो बडा खाना. शिक्षा म्हणून अंग मोडेपर्यंत करून घेतलेली मेहनत म्हणजे रगडा. रजेवर आलेला जवान रगड्याची गोष्ट हसत हसत सांगतो, घरचेही हसतात. पहारेकऱ्याच्या इंग्रजी 'हू कम्स देअर'चे आपल्या शिपायांनी 'हुकुमदार' करून टाकले, तेही असेच गमतीचे.

गोऱ्या शिपायांनी आपल्याकडून शब्द नेले, त्यांची गंमत मात्र तपासून घ्यावी लागते. 'विलायती'चे त्यांनी 'ब्लायटी' केले. अर्थ मायदेश. पहिल्या महायुद्धात तोच शब्द जखमेला लागू लागला: जीव जाणार नाही, पण घरी पाठवावेच लागेल, अशी जखम. अशी जखम व्हावी म्हणून माणसे आस लावून बसत!

आणि आपली नाशिकजवळची देवळाली. तेथे १८६१ साली इंग्रजांचा लष्करी तळ झाला. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तो हुकला की पुढचे कित्येक महिने कडक ऊन, मग पाऊस, आणि काम काही नाही. कोणी दारूत बुडाला, कोणी तापाने फणफणला, कोणाचे डोके फिरले. सोबत्यांनी त्याला नाव दिले 'डूलाली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. तापाचा शब्द पुढे गळून पडला, गावाचे नाव तेवढे राहिले. इंग्रजीत आजही एखाद्याला थट्टेने वेडा म्हणायचे असले की 'डूलाली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला देवळाली हे गाव आहे हेही बहुधा ठाऊक नसते.